कानपिळीचा मान

मी पुण्याची. "ये एकदा चहाला" हे वाक्य निरोपाचं असतं, आमंत्रणाचं नसतं, हे आम्हांला कुणी शिकवत नाही. ते पुण्याच्या पाण्यातूनच येतं. हैदराबादला नोकरीला आले त्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या जिन्यात मी ते तिथल्याच एका मुलीला सवयीनं म्हणाले. ती चार पायऱ्या खाली उतरली होती, ती परत वर आली. माझ्या पर्सच्या पट्ट्याकडे बघत तिनं विचारलं, "कधी?"

मी म्हटलं, अगं, कधीही.

"कधीही म्हणजे कुठलाच दिवस नाही. वार सांग."

घाबरून मी रविवार सांगितला. रविवारी ती माझ्या हॉस्टेलवर आली, चहा प्यायली, चहा बरा झालेला नाही आणि का झालेला नाही ते सांगितलं. मग वर ट्यूबलाइटकडे बघून म्हणाली की हा दिवा गुणगुणतो, याच्याखाली माणूस राहू शकत नाही, आणि हिमायतनगरला आमच्या घरावरची खोली रिकामी आहे. पुढच्या महिन्यात मी त्या खोलीत राहत होते. पुणेरी औपचारिकपणाचं इतकं मोठं फळ मिळालेली मी एकटीच असेन.

तिचं नाव सांगत नाही. परवानगी मागितली असती तर तिनं दिली असती, पण त्यासोबत अटी दिल्या असत्या आणि त्या सगळ्या रास्त असत्या. मला ती "पुणेकर" म्हणायची, कायमच.

सिकंदराबादला आमची कंपनी होती. नव्वदीनंतर कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या ज्या संगणकाच्या कंपन्या उगवल्या, त्यांतलीच एक. परदेशातल्या दवाखान्यांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. म्हणजे आम्ही लिहायचो आणि ती त्यांतल्या चुका काढायची. हे काम देवानं तिच्यासाठीच निर्माण केलं असावं, कारण चूक दिसल्यावर गप्प बसण्याची सोय तिच्यात नव्हतीच. सकाळी आल्याआल्या ती खुर्चीवर चढायची, टेबलावरच्या ट्यूबचा स्टार्टर काढून ड्रॉवरमध्ये ठेवायची आणि अर्धवट अंधारात आनंदानं काम करायची. डब्यात रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ऑफिसची पार्टी असली आणि अख्ख्या मजल्यावर बिर्याणीचा घमघमाट सुटला तरी हिचा डबा उघडायचा. हैदराबादची असून बिर्याणी खात नाही, म्हणून सगळे तिला छळायचे. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "बिर्याणीत प्रत्येक घास वेगळा लागतो. जेवताना मला परेशानी नक्को."

एकदा साहेब तिला म्हणाले, सवड मिळाली की हे जरा बघ. तो प्रोग्रॅम मंगळवारी पाठवायचा होता. मंगळवारी साहेब आले तर तिनं त्याला हातही लावलेला नव्हता. साहेबांचा पारा चढला. ती शांतपणे म्हणाली की सवड मिळाली की, असं तुम्ही म्हणालात. ती मिळाली नाही. आणि मग ते वाक्य, जे पुढं आमच्या ऑफिसात म्हणीसारखं झालं: "अर्धं सांगितलं की मला अर्धंच कळतं." त्या दिवसापासून साहेब तिला पूर्ण वाक्यं सांगायला लागले. काय करायचं, कधीपर्यंत, कशासाठी. सवय लागल्यावर ते आम्हांलाही पूर्ण सांगायला लागले, आणि ऑफिसातली निम्मी भांडणं आपोआप मिटली. साहेबांच्या बायकोनंही आमच्या ऑफिसचे आभार मानले म्हणतात.

नवा कपडा तिला सहन व्हायचा नाही. मी राहायला आल्यावर तिनं त्यावर तोडगा काढला. तिचे नवे कुर्ते आधी मी वापरायचे. गळ्यामागची चिठ्ठी कात्रीनं उडवलेली, आणि बाकीचा कडकपणा माझ्या अंगावर जिरायचा. ते पुरेसे मऊ झाले की ती परत न्यायची. आम्हां दोघींची अंगकाठी सारखी असणं हा माझा एकमेव सद्गुण आहे, असं ती काकूंना सांगायची, आणि त्यात तिला माझी स्तुतीच करायची असायची.

काकू म्हणजे तिची आई. निजामाच्या राज्यात बिदरकडून शेती सोडून आलेलं घराणं, वडील सरकारी नोकरीत होते, ते गेलेले. घरात काकू, ती आणि दादा. दादा तिचा थोरला भाऊ. उंच, गोरा, कुणीही वळून बघावं असा. बोलणं जेमतेम. टीव्हीवरच्या जाहिराती मात्र सुरासकट म्हणायचा. केबल आल्यापासून त्याचा शब्दसंग्रह फारच वाढला असं ती अभिमानानं सांगायची. डब्यांची झाकणं फरशीवर भिंगरीसारखी फिरवत बसायचा. जेवायला त्याची स्वतःची स्टीलची ताटली, नाव कोरलेली. दुसऱ्या ताटलीत पंचपक्वान्नं वाढली तरी उपाशी राहील. लोक त्याला खुळा म्हणायचे, आणि तिला हुशार.

वर राहायला लागल्यावर महिन्याभरात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. कुकरची शिटी व्हायची वेळ झाली की दादा दोन्ही हातांनी कान झाकून घ्यायचा. आणि नेमक्या त्याच वेळी तिला गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायचं आठवायचं. काकूंनी मिक्सर काढला की दादा ओरडायचा, आणि हिला कोपऱ्यावरून काहीतरी आणायचं असायचं. दादा ऊठसूट ओळीत मांडायचा ती झाकणं, ही मांडायची चपला. फरक एवढाच की तिनं निसटायच्या वाटा शोधून ठेवल्या होत्या आणि त्याला त्या सापडल्या नव्हत्या. मी हे काकूंना बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हौ. मला काय दिसत नाही का? पण एकाचं निभावता निभावता दुसरीचं कुठं बोलायचं."

त्याच वर्षी सिकंदराबादला बाहेरून शिकून आलेल्या एक डॉक्टरीणबाई बसायला लागल्या. काकू दादाला घेऊन गेल्या, ती बरोबर होतीच, पण मलाही नेलं. मुलीची सोबत ही सोबत नसते, असं त्यांचं म्हणणं होतं, कारण मुलगी जे ऐकेल ते घरी येऊन जसंच्या तसं सांगेल. डॉक्टरीणबाईंनी दादाच्या लहानपणाबद्दल विचारायला सुरुवात केली. हाक मारली की बघायचा का? कपडा टोचतो म्हणून रडायचा का? ठरलेलं बदललं की काय व्हायचं? काकू खालच्या आवाजात सांगत होत्या. आणि प्रत्येक उत्तरानंतर शेजारच्या खुर्चीतून ही म्हणत होती, "मी पण."

चार-पाच वेळा असं झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. मग त्यांनी समजावून सांगितलं. याला ऑटिझम म्हणतात. अशा माणसांच्या भावाबहिणींत यातलं थोडंथोडं पुष्कळदा असतं. कुणात डोळ्यांत भरेल इतकं, कुणात चिमूटभर. हा काही डाग नाही, आणि यात आईनं वाढवण्यात कुठं चुकलं असंही काही नसतं. काकूंना ते शेवटचं वाक्य पुन्हा ऐकायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते पुन्हा सांगितलं.

परतताना रिक्षात काकू डोळे पुसत होत्या, दादा जाहिरात म्हणत होता, आणि तिला आनंद आवरत नव्हता. तिला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"पुणेकर, इतकी वर्षं मी त्याची नुसती बहीण होते. आम्ही दोघं एकाच गावचे आहोत, हे आज कळलं."

घरात पाय ठेवायच्या आधीच काकूंनी बजावलं की यातलं अक्षर बाहेर बोलायचं नाही. स्थळं येणं थांबेल. ती म्हणाली की थांबू दे, पण मला कुणी विचारलं तर मी सांगणार. काकूंनी देवाकडे पाहिलं.

स्थळांचं एक सांगायला पाहिजे. तिला बघायला कुणी यायचं असलं की सकाळीच सिकंदराबादहून मामा यायचे आणि दादाला आपल्या घरी घेऊन जायचे. मामा रेल्वेत होते, सगळं वेळेवर. तिला सांगितलेलं असायचं की मामांना एकट्याला करमत नाही. तिनं त्यावर वर्षानुवर्षं विश्वास ठेवला. पाहुणे घरी बसलेले असताना ती त्यांना सांगायची की आमच्या मामांना फार एकटं वाटतं, आणि मामांना बायको आहे, मुलगा आहे, हे तिला पूर्ण ठाऊक होतं. घरातल्या माणसानं सांगितलं म्हणजे ते तसंच असणार. खोट्याचा संशय घ्यायला खोटं थोडंफार बोलता यावं लागतं, आणि त्या बाबतीत ती अडाणी होती.

डॉक्टरीणबाईंनंतरच्या पहिल्या स्थळाच्या दिवशी मामा आले. दादा झाकणांत रमलेला होता, उठेना. मामा वैतागून बोलून गेले, "ऊठ लवकर, लोक येतील अन् तुला बघतील."

ती चपला लावत होती. तिचा हात थांबला. तिनं विचारलं, "बघितलं तर काय होईल?"

मामांनी घड्याळ बघितलं. मी जिन्यात उभी होते, मी चपलांची ओळ बघितली. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांचा हिशेब तिला एकदम लागला. ती रडली नाही, चिडली नाही. आत गेली, आपली पिशवी घेऊन आली आणि मामांच्या शेजारी उभी राहिली.

"मग मलाही न्या, मामा. जे लपवायचं ते माझ्यातही आहे. डॉक्टरनी सांगितलंय."

मामांनी बरंच काही सांगून पाहिलं. पण नवरीलाच लपवायला न्यायचं तर बघायला येणाऱ्यांना दाखवायचं काय? ते एकटेच परत गेले. दादा घरी राहिला.

आणि त्यातून जे व्हायचं ते झालं. अशा दिवशी दादा घरात नसायचा, म्हणून काकू गडबडीत सगळ्या चांगल्या ताटल्या पाहुण्यांना काढायच्या. त्याही दिवशी काढल्या. मुलगा बेगम बाजारातला, घरचं भांड्यांचं दुकान, सोबत आईवडील. त्याच्या हातात पोह्यांची ताटली आली ती दादाची होती. दादा आतून आला, मुलासमोर उभा राहिला, आणि शांतपणे त्याच्या हातातली ताटली काढून घेतली. काकूंनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात त्या स्थळाला निरोप देऊन टाकला.

मुलानं ताटलीवरचं नाव वाचलं. "तुमची हाय का? मला काय ठाऊक." आणि आपल्या आईच्या ताटलीतले पोहे खायला लागला. दादा शेजारी बसून त्याच्या पोह्यांतले शेंगदाणे संपवत होता.

मग ती बोलली. हा माझा भाऊ, याला ऑटिझम आहे, त्यातलं थोडं माझ्यात आहे, मला गोंगाट चालत नाही, नवे कपडे चालत नाहीत, मनात एक आणि ओठावर एक असं मला जमत नाही. तिनं काही सोडलं नाही. मुलाच्या आईचा चेहरा उतरत चालला होता. मुलगा मात्र मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दुकानात दिवसभर लोकं माझ्याशी खोटं बोलतात. घरी कुणी खरं बोलणार असंल तर मला चालतंय." त्याच्या आईला समजावायला त्याला दोन महिने लागले, पण त्यानं समजावलं.

आता तिच्या अटी सुरू झाल्या. बँड नको, वाजंत्री नको. सासर एका बसच्या अंतरावर, ते होतंच. काकूंनी सगळं मान्य केलं. एक सोडून. लग्नात सप्तपदीनंतर नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो, आणि नवरा त्याला काहीतरी भेट देतो. कानपिळीचा मान. मामांनी गृहीत धरलं होतं की तो मान त्यांच्या मुलाचा. त्यासाठी त्यानं कोटही शिवला होता. ती म्हणाली, मला भाऊ आहे.

त्या एका गोष्टीवर मायलेकींचं पहिल्यांदा खरंखुरं वाजलं. काकूंचं भय काही खोटं नव्हतं. तीनशे लोकांत त्यानं ओरडायला सुरुवात केली, पळाला, कुणी हसलं, तर? "तू सासरी जाशील. त्याला हसलेलं मला बघावं लागंल," त्या म्हणाल्या.  ती म्हणाली, मी त्याला शिकवते. त्याला आलं नाही तर मी हट्ट करणार नाही. पण आलं तर तो मान त्याचाच. काकू हो म्हणाल्या, त्याला येणार नाही या भरवशावर.

आणि अशा रीतीनं लग्नाआधीचे दोन महिने मी नवरदेव होते. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की पाटावर बसायचं. ती दादाला तेच शब्द त्याच क्रमानं सांगायची. इथून उठायचं. इथं उभं राहायचं. हा कान धरायचा. पिळायचा. हातात वस्तू आली की सोडायचा. एकदा म्हणून शब्द बदलायची नाही. मी मध्येच काहीतरी वेगळं बोलले तर मलाच दटावायची. ते जमल्यावर तिनं फक्त एक गोष्ट बदलली: शेजारच्यांना आणून बसवलं. तेही जमल्यावर टेपवर सनई, आधी अगदी बारीक. मग धुराची सवय व्हावी म्हणून ऊद. आपल्याला काय सोसलं असतं आणि कुठल्या क्रमानं, एवढंच ती बघत होती. त्याला शिकवायला दुसरं पुस्तक तिला लागलंच नाही. पहिले दोन आठवडे दादा माझ्या कानाकडे फिरकला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यानं कान धरला, आणि मला तारे दिसले. ती टाळ्या वाजवणार होती; त्या आवाजाचा तिलाच त्रास होतो हे आठवून तिनं हात मागं घेतले आणि नुसती डोलत राहिली.

काकू दारातून बघायच्या.  एक दिवस माझ्या कानाला लावायला खोबरेल तेल घेऊन आल्या.

लग्न नारायणगुड्याच्या एका हॉलमध्ये झालं. मंगलाष्टकं संपली तेव्हा वाजंत्री वाजली नाही, लोकांनी नुसत्याच अक्षता टाकल्या. इतकं शांत लग्न मी पुन्हा पाहिलं नाही. सप्तपदी झाली. गुरुजींनी हाक दिली, नवरीच्या भावाला बोलवा. सवयीनं मामांचा मुलगा उठला. काकू त्याच्या शेजारीच होत्या, त्यांनी त्याच्या कोटाची बाही धरून त्याला खाली बसवलं. दादा आला. मऊ पडलेला जुना शर्ट, नीट विंचरलेले केस. जिथं उभं राहायचं तिथं उभा राहिला. कान धरला. पिळला.

आणि इथं घोळ झाला. भेटवस्तू नवऱ्याच्या मित्राकडे होती, आणि मित्र ती स्कूटरच्या डिकीत विसरून आला होता. तो धावत बाहेर गेला. इतर कुणी भाऊ असता तर हसून कान सोडून बाजूला झाला असता. दादाला सांगितलेलं होतं की हातात वस्तू आली की सोडायचा. त्यानं सोडला नाही. नवरा मान वाकडी करून बसलेला. आधी लोक हसले, मग हसू थांबलं, मग कुजबुज सुरू झाली. दादा गुणगुणायला लागला, आवाज चढत चालला. मामा तरातरा पुढं आले, झालं झालं, सोड आता, असं म्हणत त्यांनी दादाचं मनगट धरलं. दादाला कुणी धरलेलं चालत नाही. 

नवरीनं मुंडावळ्यांतून मान वर केली. "मामा, हात काढा. तो बरोबर करतोय."

मामांनी हात काढला नाही. तेव्हा काकू उठल्या. आयुष्यभर थोरल्या भावापुढं मान वर न केलेली ती बाई, तीनशे लोकांतून चालत मंडपात आली आणि मामांच्या समोर उभी राहिली.

"अण्णा, सोडा त्याला. मान हाय त्याचा. घेतल्याबिगर कशाला सोडंल?"

मामांनी हात काढला. वाकडी मान न हलवता नवरा म्हणाला, "माझी काय घाई नाही, काकू." कुणीतरी हसलं, मग सगळा हॉल हसला, पण ते हसणं आता वेगळं होतं, आणि दादाचं गुणगुणणं हळूहळू खाली आलं. मित्र धापा टाकत आला. खोक्यात नव्याकोऱ्या डब्यांचा संच होता, एकात एक बसणारा, झाकणांसकट. दादानं खोकं घेतलं, कान सोडला, आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. मी पुण्याची असूनही चारचौघांत रडले. नवरी मात्र रडली नाही. ती मोठ्यानं हसत होती, त्या काळी नवऱ्या हसत नसत तशी.

फोटोग्राफर होमाच्या वेळी कुठं होता देव जाणे, पण हा क्षण त्यानं टिपला. नवऱ्याचा लालभडक कान दादाच्या मुठीत, शेजारी कमरेवर हात ठेवून काकू. काकूंनी तो फोटो मोठा करून घेतला आणि बाहेरच्या खोलीत लावला, दारातून येणाऱ्याला सगळ्यांत आधी दिसेल असा.